जॉर्डनला गटानं निघण्याआधी

तयारीची सुरुवात बॅगेपासून करू नका. बॅग शेवटच्या दोन दिवसांत भरून होते. आधी गटात कोणाचे गुडघे किती साथ देतात ते विचारा, आणि तेही ग्रुपवर न विचारता एकेकाला फोन करून. सगळ्यांसमोर प्रत्येकजण ‘मला काही नाही होत’ असंच म्हणणार. पेट्रा या डोंगरात कोरलेल्या प्राचीन शहराच्या फाटकापासून अल-खझनापर्यंत, म्हणजे फोटोत दिसणाऱ्या त्या गुलाबी दर्शनी भिंतीपर्यंत, एका बाजूनं जवळजवळ दोन किलोमीटर अंतर आहे. त्यातलं सव्वा किलोमीटर तर ‘सीक’ या अरुंद खिंडीतूनच जायचं. तिथून पुढं अद-दैर या डोंगरावरच्या वास्तूसाठी सुमारे ८०० पायऱ्या आहेत. ज्यांना पायऱ्या जमणार नाहीत त्यांची नावं आत्ताच वेगळी लिहा. सीकमधून अल-खझनापर्यंत जाणाऱ्या बॅटरीवरच्या गाड्या त्यांच्यासाठी आहेत. गाढवावर बसून पायऱ्या चढायचा मोह मात्र टाळलेला बरा. जनावराचे हाल पाहवत नाहीत आणि कडेला दरी आहे.

हे गुडघ्यांचं गणित सुटलं की पैशाचंही सुटतं. पेट्राला एक दिवस पुरत नाही, त्यामुळे ७५ दिनारांचा दोन दिवसांचा जॉर्डन पास घ्या, त्यात व्हिसा आणि तिकिटं दोन्ही येतात. एका दिवसाचा ७०ला आणि तीन दिवसांचा ८०ला मिळतो. नुसत्या व्हिसाचे ४० आणि पेट्राच्या एका दिवसाच्या तिकिटाचे ५० धरले तर पास न घेणारा तिथंच तोट्यात जातो. शिवाय जेराशचे रोमन अवशेष, राजधानी अम्मानचा किल्ला, वादी रमचं वाळवंट हे सगळं पासात येतं. अटी दोन: पास देशात उतरण्याआधी ऑनलाइन काढलेला हवा आणि मुक्काम किमान तीन रात्रींचा हवा. दिनार आपल्याला महाग पडतो, एकाला सुमारे १.४१ डॉलर. म्हणून घरून निघतानाच एक खजिनदार नेमा, सगळ्यांकडून सारखी रक्कम काढा आणि ड्रायव्हरची बक्षिसी, पाण्याच्या बाटल्या, वाटेतला चहा त्यातूनच भागवा. दर टपरीवर हिशेब करत उभं राहिलेलं टोळकं फार केविलवाणं दिसतं. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक आहे का, हे प्रत्येकाचं पान प्रत्यक्ष उघडून बघा.

तारखा ठरवताना आपली दिवाळीची सुट्टी अगदी जुळून येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊन सोसतं. मार्च-एप्रिलही चांगले, पण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तो कुठं येतोय ते पाहून घ्या. त्या महिन्यात दिवसा बरीच हॉटेलं बंद असतात. नोव्हेंबरात जाणार असाल तर पेट्राजवळ एक दिवस मोकळा ठेवाच. वरच्या डोंगरात पाऊस झाला की सीकमध्ये अचानक लोंढा येतो. २०१८च्या नोव्हेंबरात हजारो पर्यटकांना तिथून बाहेर काढावं लागलं होतं. पेट्रा वसवणाऱ्या नबाती लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी हा लोंढा वळवायला बांध घातले, बोगदा खोदला, आणि खिंडीच्या भिंतींत पन्हळी कोरून झऱ्याचं पाणी शहराला पुरवलं. सीकमधून जाताना माना वर करून फोटो काढा, पण कमरेच्या उंचीवरची ती पन्हळही बघा. बहुतेकजण तिला हात टेकून पुढं जातात.

गाडी ड्रायव्हरसकट घ्या. दोन रात्री अम्मान (त्यात जेराश), मग मादबातला सहाव्या शतकातला मोझॅकचा नकाशा बघत मृत समुद्र, दोन रात्री पेट्रा, एक वादी रम आणि शेवटी लाल समुद्रावरचं अकाबा, असा उत्तरेकडून दक्षिणेकडं जाणारा क्रम बरा. अकाबात फार काही ठरवू नका. तोपर्यंत सगळे थकलेले असतात.

आता खाणं. जॉर्डनमध्ये शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. हमूस, फलाफल, फूल म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ, भाजलेल्या वांग्याचं मुतब्बल, टोमॅटोची गलाया बंदोरा आणि वर गोड कुनाफा, यांवर आठवडा मजेत निघतो. मन्सफ मात्र मटणाचा, जमीद या सुकवलेल्या दह्याच्या रश्शातला. तरीही फराळाचा डबा निघणारच, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. विमान दुबई-शारजा-अबुधाबीमार्गे असेल तर अनारसे घरी ठेवा, आणि करंजीच्या सारणात काय आहे तेही विचारून घ्या. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. ‘अहो, दिवाळीचं आहे’ हे तिथल्या अधिकाऱ्याला पटायचं नाही. चकली, शंकरपाळे खुशाल न्या; मेथीच्या लाडवांत खसखस नाही ना, ते मात्र बघा. गोळ्या-औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ पाकिटातच ठेवा.

बॅगेत वापरून सैल झालेले बूट, खांदे-गुडघे झाकणारे सुती कपडे, बायकांसाठी एक ओढणी आणि युनिव्हर्सल अडॅप्टर, एवढं बस्स. ड्रोन नेऊ नका, विमानतळावर जप्त होतो. मृत समुद्रासाठी जुना पोहण्याचा पोशाख आणि पायात घालायला रबरी चपला हव्यात. पुरुषांनी आदल्या दिवशी दाढी करू नये. नेहमीच्या समुद्राच्या जवळजवळ दहापट खारट पाणी त्या ओरखड्यांना असं झोंबतं की विचारू नका. चांदीचे दागिने हॉटेलातच काढून ठेवा, काळे पडतात. पाण्यात पालथं व्हायचं नाही, पाठीवर तरंगायचं, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यायचं. गटातल्या उत्साही मंडळींना हे किनाऱ्यावर पुन्हा एकदा सांगा.

वादी रमच्या तंबूत दिवसा घाम आणि रात्री हुडहुडी, म्हणून स्वेटर आणि कानटोपी त्या रात्रीपुरती वेगळ्या लहान बॅगेत काढून ठेवा. मोठ्या बॅगा गावातच ठेवून जीपनं निघणं सोयीचं. तंबू ठरवताना जेवणाचं विचारून घ्या. वाळूत पुरलेल्या भट्टीत शिजणाऱ्या झर्बमध्ये मटण-कोंबडीसोबत बटाटे, गाजरंही एकाच उतरंडीत असतात. कडक शाकाहारी मंडळींसाठी वेगळं भांडं लावायला आधीच सांगावं लागतं. बदाऊंची, म्हणजे वाळवंटातल्या बेदुइन लोकांची, वेलदोडा घातलेली कॉफी छोट्या कपात येते. ती उजव्या हातानं घ्यायची आणि पुरे झाली की रिकामा कप हलवून परत द्यायचा, नाहीतर यजमान भरतच राहतो.

विमा घेताना युद्धजन्य परिस्थितीत काय मिळतं ते कलम स्वतः वाचा; बहुतेक पॉलिसी तिथं हात वर करतात. २०२५च्या जूनमध्ये जॉर्डनचं हवाई क्षेत्र अचानक बंद झालं होतं. म्हणून तारीख बदलता येणारी तिकिटं घ्या, निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघा आणि अम्मानमधल्या भारतीय दूतावासाचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये टाका. शेवटचं, पेट्राच्या फाटकाशी घोडेवाले ‘तिकिटातच आहे’ म्हणतील. खरंच असतं, पण उतरताना बक्षिसी मागतात, तेव्हा खजिनदाराला त्या सकाळी सुटे दिनार घेऊन पुढं चालायला सांगा.