ॲडलेड ते ॲलिस स्प्रिंग्ज: मुलाबाळांसह कॅरॅव्हॅन नेताना

ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून ॲलिस स्प्रिंग्ज सुमारे १५३० किलोमीटर. उलुरूच्या प्रचंड खडकाकडे वाट वाकडी केली की जाऊन-येऊन आणखी ५०० धरा. स्टुअर्ट हायवे १९८७पासून पूर्ण डांबरी आहे, त्यामुळे साध्या कॅरॅव्हॅनला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराला, हा रस्ता झेपतो. उडनाडाटा ट्रॅकसारख्या कच्च्या वाटा मात्र ऑफ-रोड कॅरॅव्हॅनवाल्यांसाठी सोडा. या प्रवासात बिघडतं ते बहुतेक घरून निघतानाच बिघडलेलं असतं: वजन जास्त भरलेलं असतं आणि पाण्या-इंधनाचा हिशेब केलेला नसतो.

सुरुवात वजनापासून करा. गाडी ३५०० किलो ओढते असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, पण तेवढं ओढताना गाडीत किती माणसं नि सामान बसवता येईल हे जीसीएम ठरवतं, म्हणजे गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून चालणारं कमाल वजन. कॅरॅव्हॅनच्या प्लेटवर रिकामं वजन आणि एटीएम, म्हणजे भरून चालणारं कमाल वजन, असे दोन आकडे असतात. त्यांतला फरक हीच तुमची सामानाची मर्यादा. चौघांच्या कॅरॅव्हॅनमध्ये ती साधारण ४०० किलो असते. ८० लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १६० किलो गेले. नऊ किलोचे दोन गॅस सिलिंडर बाटलीच्या लोखंडासकट जवळजवळ ४० किलो. उरले २००. त्यात भांडी, अंथरुणं, खुर्च्या, मंडप, हत्यारं, तांदळाची पिशवी आणि मुलांच्या सायकली बसवायच्या आहेत.

टो बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे कॅरॅव्हॅन अडकवायच्या गोळ्यावर, कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार पडायला हवा. २५०० किलोला २५० किलो. हा भार गाडीच्या पोटातला धरला जातो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. गाडीची भारक्षमता ६०० किलो असेल, त्यात चार माणसांचे २५० आणि बॉलचे २५० गेले, तर हाती फक्त १०० किलो उरतात. बुलबार (जनावराच्या धडकेसाठी पुढे लावायची लोखंडी चौकट) किंवा छपरावरचा रॅक बसवला असेल तर तेही नाहीत. म्हणून सामान भरून झाल्यावर, टाक्या आणि डिझेल भरून, सार्वजनिक वजनकाट्यावर गाडी आणि कॅरॅव्हॅन एकत्र व वेगवेगळी तोलून घ्या. मर्यादेबाहेर वजन असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

जड वस्तू खाली आणि ॲक्सलच्या आसपास ठेवा. सायकली, पाण्याचे कॅन, जनरेटर मागच्या बंपरवर टांगले की कॅरॅव्हॅनचा लंबक होतो आणि वेग वाढताच ती डोलू लागते. डोलायला लागली तर गाडीचा ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावा. ही कळ कुठे आहे हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला न बघता सापडली पाहिजे.

जोडताना क्रम बदलू नका: बॉल कुलूपबंद, साखळ्या खालून एकमेकींना छेदून, दिव्यांचा प्लग, मग जॉकी व्हील (कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाचं छोटं चाक) वर, हँडब्रेक मोकळा. त्यानंतर एक चक्कर मारा. पायरी, कॅरॅव्हॅन उभी असताना टेकवायचे चारही पाय, छताच्या खिडक्या, मंडपाची कुलपं, गॅसचा व्हॉल्व्ह बघा. सगळ्यांत जास्त राहून जाते ती छताची खिडकी. मुलांना यातली दोन-दोन कामं वाटून द्या, पण शेवटची चक्कर चालवणाऱ्यानेच मारायची. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कुणीही बसायचं नाही, ते बेकायदा आहे. सात वर्षांखालच्या मुलांना गाडीत बालआसन सक्तीचं आहे.

चाकाचे नट पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचने आवळा. थांबाल तेव्हा चारही हबजवळ, म्हणजे चाकांच्या मध्यभागाजवळ, हात न्या. सगळे सारखेच कोमट असले तर ठीक. एकच तापलेला असेल तर बेअरिंग जात आहे किंवा ब्रेक धरून बसला आहे. तसंच पुढे जाऊ नका, कारण चाक निघतं ते याच कारणाने.

आता इंधन. कॅरॅव्हॅन ओढताना १०० किलोमीटरला १५ ते २० लिटर डिझेल धरा, समोरून वारा असेल तर २२. पोर्ट ऑगस्टाला टाकी फुल करा, १७५ किलोमीटरवर पिंबाला पुन्हा फुल करा. नकाशावर पुढे ग्लेंडॅम्बो दिसेल, पण तिथे इंधन मिळेलच असं धरू नका. पिंबा ते कूबर पीडी सुमारे ३६५ किलोमीटर एका दमात जायच्या हिशेबाने निघा. १८ लिटरच्या हिशेबाने ६६ लिटर लागतील, उलट्या वाऱ्यात ८०. तुमची टाकी ८० लिटरची असेल तर २० लिटरचा एक कॅन सोबत हवाच. कूबर पीडी ते मार्ला २३५, मार्ला ते कुलगेरा १८०, तिथून एर्लडुंडा ७५ आणि तिथून ॲलिस २००. एर्लडुंडाहून डावीकडे वळलं की यूलारा, म्हणजे उलुरूजवळचं मुक्कामाचं गाव, सुमारे २४५.

वेग ९० ते ९५ ठेवा. ११० आणि उत्तरेत १३० च्या पाट्या ओढणाऱ्यांसाठी नाहीत असंच समजा. वेग १० ने वाढवलात तर वेळ थोडा वाचतो आणि डिझेल बरंच जळतं. दिवसाला ३०० किलोमीटरच्या आसपास थांबा. सूर्य उगवल्यावर तासाभराने निघायचं आणि मावळायच्या आधी तासभर थांबायचं, कारण संधिप्रकाशात कांगारू रस्त्यावर येतात आणि अनेक ठिकाणी गुरांना कुंपणच नाही. समोर जनावर आलं तर ब्रेक लावा, गाडी वळवू नका. मागे कॅरॅव्हॅन असताना वळवलेली गाडी उलटते. मेलेल्या कांगारूवर बसलेला मोठा गरुड दिसला तर लांबूनच वेग कमी करा, त्याला उडायला वेळ लागतो.

रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक, ५३.५ मीटरपर्यंत लांब असते. ती ९० ने आणि तुम्ही १०० ने चाललात तर पुढे-मागे जागा सोडून ती ओलांडायला पाऊण मिनिट आणि सव्वा किलोमीटर लागतात. समोरून येणारी गाडी तेवढंच अंतर तुमच्याकडे कापते, म्हणजे अडीच किलोमीटर मोकळा रस्ता हवा. खरं तर ओलांडूच नका, चहा प्यायला थांबा. ती तुम्हाला ओलांडत असेल तर वेग स्थिर ठेवा, खडीवर उतरू नका आणि तिचं शेपूट पुढे गेलं की दिवा एकदा चमकवून तिला आत यायला मोकळीक द्या. यूएचएफ रेडिओ बसवून घ्या. ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनलवर, कॅरॅव्हॅनवाले बरेचदा १८ वर असतात. ५ आणि ३५ फक्त आणीबाणीसाठी.

फोनला गावाबाहेर बहुतेक ठिकाणी रेंज नसते. नकाशे आधीच उतरवून ठेवा. आणीबाणीचा बीकन (उपग्रहाला संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) सोबत ठेवा, आणीबाणीचा नंबर ०००. गाडी बंद पडली तर तिच्यापाशीच थांबा. पिण्याचं पाणी टाकीतल्या पाण्याहून वेगळं, माणशी दिवसाला किमान ५ लिटर, दोन दिवस पुरेल इतकं ठेवा.

पाण्याबद्दल आणखी एक. वाटेतल्या अनेक ठिकाणी बोअरचं जड, खारट पाणी असतं. अंघोळीला चालतं, पण त्यात तूरडाळ शिजता शिजत नाही आणि चहाही फिका लागतो. डाळ-भातासाठी ॲडलेडचं पाणी १० लिटरच्या कॅनमध्ये वेगळं ठेवा, डाळ दोन तास भिजवा, कुकर घ्या. कूबर पीडीचं पाणी क्षारमुक्त केलेलं असतं, विकत घ्यावं लागतं, पण चवीला चांगलं. फोडणी बाहेर मंडपाखाली द्या, आत दिली तर धुराचा अलार्म सगळ्या कॅम्पला जागं करतो. सिडनी-मेलबर्नकडून येत असाल तर ओडला विरा किंवा याम्बाच्या नाक्यावर ताजी फळं काढून द्यावी लागतात, फळमाशीमुळे. फळं ॲडलेडलाच घ्या.

कॅरॅव्हॅन पार्कातल्या वीजजोडणीला १५ ॲम्पिअरची मर्यादा असते. किटली एकटीच १० घेते, तेव्हा किटली आणि इंडक्शन एकदम लावले की स्विच पडणारच. पोचल्यावर आधी आडवी पातळी साधा, मग चाकांना ठोकळे, मग गाडी सोडवा, शेवटी चार पाय खाली. पाय डुलणं थांबवण्यासाठी असतात, वजन उचलण्यासाठी नाहीत. गॅसवर चालणारा फ्रिज कलता राहिला तर गार होत नाही. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी टाकी, चौघांना दोन दिवसांतच भरते, म्हणून पार्कची स्वच्छतागृहं वापरा, कॅसेट फक्त डंप पॉइंटवर, म्हणजे त्यासाठी ठेवलेल्या जागीच, रिकामी करा.

जूनअखेर ते ऑगस्ट हा योग्य काळ, पण ॲलिसला जुलैच्या रात्री पारा शून्याखालीही जातो. पहाटे नळीत पाणी गोठतं, म्हणून रात्रीच किटली भरून ठेवा. यूलाराचा कॅम्प शाळेच्या सुट्टीत कित्येक महिने आधी भरतो.

थांबे असे जमतात: पोर्ट ऑगस्टा, वूमेरा, कूबर पीडी (दोन रात्री), मार्ला, एर्लडुंडा, यूलारा (तीन रात्री), ॲलिस (दोन). पिंबानंतर साधारण ४० किलोमीटरवर लेक हार्ट हे मिठाचं तळं रस्त्यालगतच आहे, दुपारचं जेवण तिथे करा. वूमेराच्या प्रतिबंधित लष्करी क्षेत्रातून रस्ता जातो, तो सोडून आत शिरू नका. मार्लाच्या पश्चिमेकडे पित्जनत्जतजारा या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर परवाना लागतो.

कूबर पीडीला १९१५पासून ओपल निघतो. गावाबाहेर हजारो उघडे खड्डे आहेत. फोटो काढताना मागे मागे सरकू नका आणि मुलांचा हात सोडू नका. ढिगाऱ्यात ओपल शोधायला गावातच सार्वजनिक जागा आहे, दुसऱ्याच्या क्लेमवर, म्हणजे खणायला घेतलेल्या जागेवर, पाय ठेवू नका. उलुरूवर चढणं २६ ऑक्टोबर २०१९पासून बंद आहे. पायथ्याची प्रदक्षिणा साधारण १० किलोमीटर आहे, सकाळी लवकर सुरू करा. अठराखालच्या मुलांना उलुरूच्या राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट नाही. काही कडांवर फोटो न काढण्याच्या पाट्या आहेत, त्या पाळा.

जाऊन-येऊन साडेतीन हजार किलोमीटर म्हणजे १६ दिवस हवेत. दोन आठवड्यांत बसवायचं असेल तर ॲलिस सोडा, यूलाराहून परता. परतताना हिशेब पुन्हा करा. हिवाळ्यात मध्य ऑस्ट्रेलियात वारा बहुतेक आग्नेयेकडून वाहतो, म्हणजे दक्षिणेकडे उतरताना तो तोंडावर येतो. जाताना जो कॅन उघडला नव्हता, तो कूबर पीडी सोडण्याआधी भरलेला असू द्या.