जुन्या पेट्रोल गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमधील दोष कसा शोधावा आणि कसा दुरुस्त करावा

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळा लागला की जुन्या पेट्रोल गाड्यांच्या तक्रारी सुरू होतात. सकाळी सेल्फ मारूनही गाडी लागत नाही, लागली तर मिसिंग करते, आणि वंटमुरीच्या किंवा तवंदीच्या घाटात पिकअप घेत नाही. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पहिला पाना पडतो तो डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे ठिणगीचा करंट क्रमाने एकेका प्लगला वाटणाऱ्या भागाच्या, क्लॅम्पवर. बॉडी थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, ‘बघितले’ जाते. मूळ दोष कॅपमध्ये (डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात) किंवा एखाद्या तुटक्या वायरीत असेल, तर या फिरवाफिरवीने एकाचे दोन दोष होतात आणि पुढची तपासणी अवघड होऊन बसते. म्हणून येथे क्रम वेगळा ठेवला आहे: जे न उघडता तपासता येते ते आधी पाहावे, नंतर कॅपच्या आतले भाग पाहावेत, आणि क्लॅम्पच्या बोल्टला हात सर्वांत शेवटी लावावा.

हे विवेचन मुख्यतः पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेल्या गाड्यांसाठी, म्हणजे अॅम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी आणि त्यांच्या पिढीतील गाड्यांसाठी आहे. कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० किंवा ओम्नीमध्ये पॉइंटांऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल, तर पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंटांमधली ठिणगी आवरणारा भाग) यांचा भाग सोडून द्यावा. कॅप, रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा), वायरी आणि टायमिंग यांविषयीचे बहुतेक सर्व तेथेही लागू पडते.

काम सुरू करण्यापूर्वी

गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करावी. कॅपच्या आत हात घालताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली असावी आणि फक्त चाचणीपुरती ती जोडावी. ठिणगीसाठी बॅटरीचा दाब वाढवणाऱ्या कॉइलमधून निघणारा दाब हजारो व्होल्टचा असतो. पॉइंटच्या गाडीत त्याचा झटका सणसणीत बसतो, इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये तो त्याहून घातक असतो. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी चालू इंजिनाच्या वायरींजवळ जाऊच नये. इंजिन चालू असताना प्लगची वायर उपटून ‘कोणता सिलिंडर मेला’ हे पाहण्याची सवय अनेकांना असते. इलेक्ट्रॉनिक गाडीत तिच्यामुळे इग्नायटर (पॉइंटांचे काम करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळू शकतो, म्हणून ती तेथे तरी सोडावी. पेट्रोल गळत असेल, तर ठिणगीची कोणतीही चाचणी करू नये. पॉइंटच्या गाडीत चावी ‘ऑन’ ठेवून फार वेळ काम करू नये, कारण पॉइंट मिटलेल्या स्थितीत असतील तर कॉइलमधून सतत करंट वाहून ती तापते.

साधने फार लागत नाहीत: फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, साधा मल्टिमीटर, एक जास्तीचा प्लग, बारीक पॉलिश पेपर, सुके सुती कापड, खडू, आणि सेल्फ मारायला एक माणूस.

दोष खरोखर इग्निशनचा आहे का?

चालती गाडी चावी फिरवल्यासारखी एकदम बंद पडत असेल, तर संशय इग्निशनवर घ्यावा. ती आचके देत, दम खात, हळूहळू बंद पडत असेल, तर आधी पेट्रोलचा पुरवठा पाहावा. हा नियम पक्का नाही, पण सुरुवात करायला पुरेसा आहे. बॅटरी अशक्त असेल तर सेल्फ मारताना कॉइललाच पुरेसा दाब मिळत नाही. तेव्हा मल्टिमीटरवर दाब ९.५ व्होल्टच्या खाली जात असल्यास प्रथम बॅटरी चार्ज करून घ्यावी.

फक्त ओल्या सकाळी त्रास देणारी गाडी रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू करावी आणि काही काळ नुसते पाहत राहावे. वायरींवरून किंवा कॅपच्या बाहेरून निळसर ठिणग्या सरपटताना दिसल्या, तर दोष डोळ्यांसमोरच आहे. इंजिन बंद करून कॅप, वायरी आणि त्यांची रबरी टोपणे सुक्या कापडाने पुसावीत. ओल घालवणारा स्प्रे वापरायचा असल्यास चावी बंद ठेवून, गार इंजिनावर वापरावा आणि तो उडून जाईपर्यंत थांबावे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधण्याची पद्धत आपल्याकडे बरीच आहे. मला ती पटत नाही, कारण आतली वाफ बाहेर पडत नाही आणि पाणी बाहेरून येण्याऐवजी आतच साचते.

ठिणगीची चाचणी

एका प्लगची वायर काढून तिला जास्तीचा प्लग लावावा, त्या प्लगची धातूची बाजू क्लिपने इंजिनाच्या स्वच्छ धातूला पक्की जोडावी आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. प्लग हातात धरू नये. ठिणगी निळी आणि तडतड आवाज करणारी हवी. पिवळट, नारिंगी, बारीक ठिणगी उघड्यावर दिसत असली तरी सिलिंडरमधल्या दाबाखाली ती विझते. सपाट रस्त्यावर बरी चालणारी गाडी घाटात मिसिंग करते त्यामागे बहुधा हेच कारण असते: चढावर थ्रॉटल उघडले की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला अधिक व्होल्ट लागतात.

आता तोच प्लग कॉइलमधून कॅपच्या मध्यभागी येणाऱ्या वायरीला जोडून पुन्हा सेल्फ मारावा. कॉइलच्या वायरीवर ठिणगी जोरदार आणि प्लगच्या वायरीवर नाही, असे आढळले तर दोष कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरी यांत आहे. कॉइलच्या वायरीवरही ठिणगी नसेल किंवा ती दुबळी असेल, तर आधी ती एक वायरच बदलून पाहावी. तरीही फरक पडला नाही तर दोष कॉइल, पॉइंट, कंडेन्सर किंवा त्यांच्या वायरिंगमध्ये शोधावा. या एका चाचणीने काम निम्मे होते, आणि तरीही ती न करताच नवे भाग आणले जातात.

कॅप आणि रोटर

कॅप काढण्यापूर्वी प्रत्येक वायरीवर तिच्या सिलिंडरचा क्रमांक चिकटवावा. अॅम्बॅसडर आणि पद्मिनी यांचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२ आहे, मारुती ८०० चा १-३-२. दोन वायरी उलटसुलट लागल्या तर गाडी कार्ब्युरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके मारते आणि मग भलताच दोष शोधण्यात दिवस जातो.

कॅप उजेडात तिरकी धरून आतून पाहावी. दोन पितळी खुंट्यांच्या मध्ये, किंवा खुंटीपासून कॅपच्या कडेपर्यंत, पेन्सिलीने ओढल्यासारखी केसाएवढी काळी रेघ दिसली, तर ती कार्बनची वाट आहे. करंट प्लगकडे जाण्याऐवजी त्या वाटेने पळतो. ती घासून काढली तरी थोड्याच दिवसांत परत येते, म्हणून कॅप बदलावीच. खानापूरकडची तांबडी धूळ आणि ओल एकत्र आली की अशा रेघा लवकर पडतात. कॅपच्या मध्यभागी स्प्रिंगवर बसवलेला कार्बनचा छोटा खडा असतो. तो बोटाने दाबल्यावर आत जाऊन सहज परत यायला हवा. तो झिजलेला किंवा अडकलेला असेल तर रोटरपर्यंत करंट नीट पोहोचत नाही. खुंट्यांवरची थोडी पांढरट राख खरवडून काढता येते, पण त्या खोलवर खाल्लेल्या असतील तर नवी कॅप आणि नवा रोटर जोडीनेच घालावा.

रोटरचा दोष फसवा असतो. वरून तो धडधाकट दिसतो, पण आतल्या बाजूने बॅकेलाइटला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडून करंट थेट शाफ्टमध्ये उतरत असतो. पॉइंटच्या गाडीत त्याची चाचणी अशी करावी: कॅप बाजूला ठेवून रोटर जागेवर असू द्यावा, कॉइलची वायर इन्शुलेटेड पकडीत धरून तिचे टोक रोटरच्या मधल्या पट्टीपासून पाच-सहा मिलिमीटर अंतरावर ठेवावे आणि सेल्फ मारायला सांगावे. रोटरवर ठसठशीत ठिणग्या पडू लागल्या, तर तो आतून फुटला आहे. याच वेळी सेल्फ मारताना रोटर फिरतो का हेही पाहून घ्यावे. तो फिरतच नसेल, तर सेल्फ मारणे ताबडतोब थांबवावे; टायमिंग बेल्टच्या गाडीत बेल्ट तुटलेला असू शकतो.

प्लगच्या वायरी मल्टिमीटरने मोजाव्यात. तांब्याच्या गाभ्याच्या वायरीत रोध जवळजवळ शून्य असतो आणि कार्बन गाभ्याच्या वायरीत तो काही हजार ओहम असतो. सगळ्यांचे आकडे लांबीच्या प्रमाणात असावेत. एखादीचा आकडा इतरांच्या मानाने फारच जास्त असेल, किंवा वायर वाकवताना तो उड्या मारत असेल, तर ती बदलावी.

पॉइंट, आतली वायर आणि कंडेन्सर

टेस्ट लॅम्पची क्लिप अर्थला (इंजिनाच्या धातूला) लावून टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलवर ठेवावे आणि सेल्फ मारायला सांगावे. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट उघडमीट करत आहेत. तो सतत जळत राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा वाटेत वायर तुटली आहे. तो अजिबात लागला नाही, तर एकतर चावीकडून कॉइलला पुरवठाच नाही, किंवा पॉइंटकडची बाजू कोठेतरी कायमची अर्थ झाली आहे. यांपैकी कोणते, हे पाहण्यासाठी लॅम्प कॉइलच्या पुरवठ्याच्या टर्मिनलवर ठेवावा.

येथे एका दोषाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण तो भल्याभल्यांना सापडत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत एक मऊ, बारीक वायर जाते, आणि पॉइंटची तबकडी बॉडीला अर्थ करणारी तशीच दुसरी छोटी वायर असते. व्हॅक्यूम अॅडव्हान्समुळे (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे नेणाऱ्या योजनेमुळे) तबकडी दर वेळी हलते, तशा या वायरी वाकतात आणि काही वर्षांनी आवरणाच्या आत त्यांच्या तारा तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. मग गाडी आयडलवर सुरेख चालते, आणि अॅक्सिलरेटर दिला की मरते. कार्ब्युरेटर दोनदा खोलून झाला तरी गुण येत नाही. तपासायचे असल्यास मल्टिमीटर वायरीच्या दोन टोकांना लावून तबकडी बोटाने पुढे-मागे हलवावी. आकडा हलला की दोष सापडला. बदली वायर मऊ, बहुतारी आणि पुरेशी लांबच हवी. घरात पडलेली जाड, ताठ वायर जोडल्यास ती तबकडी अडवते आणि थोड्याच दिवसांत तुटते.

पॉइंटांवर एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला खळगा झाला असेल, तर फीलर गेज उंचवट्यावर टेकतो आणि खरी फट वाचनापेक्षा मोठी असते. थोडे काळवंडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासून, नंतर स्वच्छ कागदाची पट्टी मध्ये ओढून चालवता येतात. खोल खळगा पडलेले फेकावेत. फट घेताना पॉइंटची टाच कॅमच्या (शाफ्टवरच्या, पॉइंट उघडणाऱ्या चौकोनी भागाच्या) टोकावर आणावी आणि स्क्रू आवळल्यावर फट पुन्हा मोजावी, कारण आवळताना ती सरकते. आकडा गाडीच्या पुस्तकातूनच घ्यावा. या पिढीच्या गाड्यांत तो साधारण ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो. कॅमवर ग्रीस नखाच्या टोकावर राहील एवढेच लावावे. जास्तीचे ग्रीस पॉइंटांवर उडते आणि ते जळतात.

इंजिन चालत असताना पॉइंटांमध्ये लख्ख ठिणगी दिसत असेल, किंवा नवे पॉइंट अल्पावधीत खाल्ले जात असतील, तर कंडेन्सर बदलावा. मीटरमध्ये धारकता मोजण्याची सोय असेल, तर ती बहुधा ०.२ मायक्रोफॅरडच्या जवळ यावी. नवा कंडेन्सर चांगलाच निघेल, असे मात्र धरून चालू नये. सध्या दुकानात मिळणाऱ्यांपैकी काही इतके सुमार असतात, की काढून टाकलेला जुना त्यांच्यापेक्षा बरा ठरतो. म्हणून नव्यावर गाडी गरम होऊन नीट चालेपर्यंत जुना जपून ठेवावा. एका वेळी एकच भाग बदलावा, हे तर ओघानेच आले.

शाफ्ट आणि अॅडव्हान्स

रोटर काढून शाफ्टचे टोक आडवे हलवून पाहावे. हाताला खुळखुळ जाणवत असेल आणि कॅमच्या चारही टोकांवर पॉइंटची फट वेगवेगळी येत असेल, तर बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या नळ्या) झिजले आहेत. अशा डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट कितीही काळजीने लावले तरी गाडी एकसारखी चालणार नाही. बेळगावात याची अडचण पडू नये. उद्यमबागेत लेथवर बुश काढून देणारी वर्कशॉप आहेत. शाफ्टही खाल्ला असेल तर तो दाखवूनच बुशचे माप ठरवावे. डिस्ट्रिब्युटर बाहेर काढण्यापूर्वी बॉडीची जागा आणि रोटरचे तोंड, दोन्ही खडूने खूण करून ठेवावे. तिरप्या दात्यांचा गिअर असल्यास बाहेर ओढताना रोटर थोडा फिरतो, म्हणून पूर्ण बाहेर आल्यावर तो कोठे थांबला याचीही खूण करावी आणि डिस्ट्रिब्युटर बाहेर असेपर्यंत इंजिन फिरवू नये.

रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने बोटाने वळवून सोडल्यावर झटकन परत यायला हवा. न आल्यास खालची, वेगानुसार टायमिंग पुढे नेणारी वजने गंजली आहेत, ती साफ करून थेंबभर तेल द्यावे. व्हॅक्यूमच्या नळीतून तोंडाने हवा ओढून नळीचे तोंड जिभेने बंद करावे. तबकडी सरकून तेथेच थांबली पाहिजे.

शेवटी टायमिंग

पॉइंटची फट बदलली की टायमिंग बदलते, फट वाढली तर पुढे (ठिणगी लवकर) आणि कमी झाली तर मागे (ठिणगी उशिरा). त्यामुळे फट पक्की झाल्यावरच हे काम हाती घ्यावे. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुली पुस्तकात दिलेल्या खुणेवर थांबवावी. रोटरचे तोंड पहिल्या सिलिंडरच्या खुंटीकडे असल्याची खात्री करावी. आता चावी ऑन करून टेस्ट लॅम्प कॉइलच्या त्याच टर्मिनलवर लावावा आणि क्लॅम्प सैल करून बॉडी आधी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने, लॅम्प विझेपर्यंत वळवावी. मग उलट दिशेने अगदी हळू आणावी. लॅम्प ज्या क्षणी लागतो तेथे थांबून क्लॅम्प आवळावा आणि चावी बंद करावी. स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकून पुलीची खूण दाखवणारा दिवा) असल्यास व्हॅक्यूमची नळी काढून व तिचे तोंड बंद करून आयडलवर खूण पडताळावी.

त्यानंतर गाडी चढावर न्यावी. निपाणीकडच्यांना तवंदी घाट आणि बेळगावकरांना वंटमुरी घाट जवळ आहे. टॉप गिअरमध्ये चढताना इंजिनातून टकटक आवाज येत असेल, तर टायमिंग पुढे आहे; बॉडी रोटरच्या दिशेने किंचित, दोन अंशांहून अधिक नाही अशी, वळवून पुन्हा पाहावे. आवाज नाही, पण दम नाही आणि इंजिन नेहमीपेक्षा तापते, तर टायमिंग मागे आहे. गाडी गार असताना चांगली आणि अर्ध्या तासाने बंद पडून, थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणारी असेल, तर मात्र टायमिंगला हात लावू नये; बंद पडताच लगेच ठिणगीची चाचणी घेऊन गरम कॉइल, आणि इलेक्ट्रॉनिक गाडीत इग्नायटर, बदलून पाहावा. नव्या पॉइंटांची टाच सुरुवातीला भराभर झिजते, त्यामुळे पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर फट आणि पाठोपाठ टायमिंग पुन्हा एकदा तपासावे.