खापरपणजी गाणं कुठे शिकली, हे कसं शोधायचं

आधी 'शाळा' हा शब्द जरा बाजूला ठेवा, कारण तेव्हा मुंबईत गाणं मंडळ्यांतूनही शिकवायचे, उदाहरणार्थ १८७० ची पारशी गायन उत्तेजक मंडळी, कैखुश्रू काबराजींनी काढलेली, पुढे संगीताचे अभ्यासक भातखंडेही तिथेच आले. मुलींच्या शाळा हव्या असतील तर १८४९ पासूनचे कागद चाळा.

मग काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या बिल्डिंगमधलं पुराभिलेखागार, म्हणजे जुने सरकारी कागद ठेवतात ते ऑफिस, गाठा, शिक्षण खात्याची जुनी दफ्तरं मागवा, सोबत पेन्सिल ठेवा आणि प्लीज थुंकी लावून पानं उलटू नका, कडा हातातच चुरतात हो. लग्नानंतर बायकांची नावं बदलायची, म्हणून माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नावही शोधा. घरच्या वहीत शके १८१० दिसलं तर ७८ मिळवा, साधारण इसवी सन १८८८ येतं, मी आधी तेच विसरलो आणि दोन दिवस नुसते वाया गेले.