गोव्याच्या खेड्यात अभ्यासाला जाताय? 'घर कुणाचं' विचारू नका

पेडणे असो की काणकोण, खोली घेऊन गावाचा अभ्यास करणार असाल तर गावकारी (गावच्या सामाईक जमिनीची जुनी व्यवस्था), महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत हक्कदार), भाटकार (जमीनमालक) हे शब्द वाचून आलाच असाल. पंचाईत तिथूनच सुरू होते. वाचलेला माणूस पहिल्याच आठवड्यात सोप्यावर बसतो, वही उघडतो आणि विचारतो, "हे घर कुणाचं?"

गोव्यात घर एकाचं, खालची जमीन दुसऱ्याची, हे नेहमीचंच. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहतो तो मुंडकार. 1975 च्या मुंडकार कायद्याने त्याला हुसकावण्यापासून संरक्षण दिलं, घर ठरावीक जागेसह विकत घेण्याचा हक्कही दिला. पण त्यासाठी मामलेदाराकडे जावं लागतं, आणि तिथे प्रकरणं रेंगाळतात. त्यामुळे असा प्रश्न विचारणारा एकतर भाटकाराचा माणूस, नाहीतर जमिनीचा दलाल, असंच गाव धरतं. चहा मिळेल, उत्तर गोलगोल मिळेल, आणि दुपारपर्यंत वाडाभर खबर पसरेल. प्रश्नावली छापून हातात देणारे मार्गदर्शक हे सांगत नाहीत. त्यांना वाड्यावर राहायचं नसतं.

आधी कागद काढा. सर्व्हे नंबर आणि उपविभाग घेऊन एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद, मिळवा. त्यात कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क असे वेगळे रकाने असतात. मुंडकाराचं नाव शेवटच्यात शोधा. तिथे नसलं म्हणून मुंडकार नाहीच, असं मात्र धरू नका. नाव न लागलेली घरं असतात.

मग खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतीच्या, गावात मानशीबद्दल, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांबद्दल, विचारा. भरतीच्या रेट्याने मिटणारी, ओहोटीला उघडणारी ती लाकडी दारं कोण बदलतं? मानशीवरच्या मासळीची पावणी (लिलाव) यंदा कुणी घेतली? बांध फुटला तर खर्च कुणाचा? कोरगुट, हे खाऱ्या जमिनीतलं भात, अजून कोण पेरतं? 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. त्यामुळे मानशीवरून बोलणं निघालं की कोण कूळ, कोण भाटकार, कुणाचं कुणाशी बिनसलंय, सगळं न विचारता कळतं.

"इथे कोणी वाचत नाही" ही तक्रारही पोटात ठेवा. उत्सवातल्या नाटकात नटाच्या आधी पद म्हणणारे प्रेक्षक याच गावात भेटतात.

प्रश्न विचारून बसला असाल तरी घाबरू नका. खुलासा करायला त्या घरी परत जाऊ नका, त्याने संशय वाढतो. पावसाळाभर जमिनीचं नाव काढू नका. देवळातल्या उत्सवाची पावती फाडायला मात्र जा.