माजी सैनिक विद्यार्थ्यांसाठी ‘कमवा व शिका’ योजना अधिक उपयुक्त कशी करावी

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालणारी ‘कमवा व शिका’ योजना गरजू विद्यार्थ्यांना मोठा आधार देते. मात्र पंधरा-सतरा वर्षे सैन्यात काढून पस्तिशीनंतर वर्गात येऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याची गरज वेगळी असते. ती ओळखून योजना राबवणे विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांच्या हातात बऱ्याच अंशी आहे.

सुरुवात प्रवेश अर्जापासून करावी. अर्जात ‘माजी सैनिक’ एवढाच रकाना न ठेवता ‘सैन्यदलात सेवा केलेला विद्यार्थी’ असे लिहावे. २०२२ च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यामुळे नुसत्या जुन्या शब्दावर अडून राहिल्यास ज्याला कामाची निकड सर्वांत जास्त, नेमका तोच बाहेर राहील.

सर्वाधिक लक्ष काम ठरवताना द्यावे. सैनिक दिसला की त्याला फाटकावर उभे करायचे किंवा ग्रंथालयात पुस्तके लावायला सांगायचे, ही सवय मला मनापासून खटकते. सेवामुक्तीच्या वेळी मिळालेल्या डिस्चार्ज बुकात त्याचा ट्रेड, म्हणजे सैन्यातले कामाचे क्षेत्र, नोंदवलेला असतो. ते त्याच्यासमोर बसून वाचावे आणि रोज प्रत्यक्ष कोणते काम केले, हे त्यालाच विचारावे. सिग्नल्समधल्या, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन दलातल्या, ऑपरेटरला संगणक प्रयोगशाळेचे नेटवर्क सांभाळता येते, स्टोअरकीपरला रसायनशास्त्र विभागाच्या साहित्याची नोंदवही चोख ठेवता येते आणि नर्सिंग असिस्टंटला आरोग्य केंद्रात डॉक्टरांच्या देखरेखीखाली मदत करता येते. ज्या माणसाने दहा-बारा जणांची तुकडी सांभाळली आहे, त्याच्यावर वयाने लहान लिपिकाने देखरेख करायची असेल, तर बोलण्यातला ‘अहो’ कधीही सुटू नये.

काम महाविद्यालयाच्या आवारातच असावे, असा आग्रहही नसावा. अमेरिकेत माजी सैनिकांच्या विभागाच्या अशाच योजनेत विद्यार्थी त्या विभागाच्या कार्यालयांत व रुग्णालयांत काम करतात. पुण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी पत्रव्यवहार करून तसे काम मिळते का, ते पाहावे. सैन्यदलांच्या पेन्शनसाठीच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर हयातीचा दाखला भरताना अडलेल्या वयस्कर पेन्शनरला किंवा वीरपत्नीला शेजारी बसून मदत करणारा माणूस स्वतः सैन्यातला असेल, तर निम्मी अडचण तिथेच सुटते.

तासांचा हिशेब रोजचा न ठेवता सत्राचा ठेवता आला, तर उत्तम. अमेरिकी योजनेत एकूण तासांची मर्यादा सत्रातल्या आठवड्यांची संख्या गुणिले २५ अशी असते, त्यामुळे परीक्षेच्या काळात काम कमी करून पुढे भरून काढण्यास वाव राहतो. घरी शाळकरी मुले असलेल्या विद्यार्थ्याला अशी लवचिकता फार उपयोगी पडते.

मानधन उशिरा मिळाले, तर बाकीच्या साऱ्या सुधारणा व्यर्थ ठरतात. तिकडे करारातल्या ४० टक्के तासांचे किंवा ५० तासांचे, यांपैकी जे कमी असेल तेवढे मानधन आगाऊ मागता येते. आपल्याकडे विद्यापीठाच्या निधीतून ते शक्य नसेल, तर महाविद्यालयाने माजी विद्यार्थी संघाच्या मदतीने छोटा फिरता निधी उभारून पहिल्या महिन्याचे पैसे त्यातून द्यावेत आणि अनुदान आल्यावर ती रक्कम निधीत परत जमा करावी. हजेरीच्या मस्टरवर विभागप्रमुखांची सही दर शनिवारी घेतली, की महिनाअखेरीस देयक अडकत नाही.