कुलूपबंद फाईल मेलने, किल्ली मात्र फोनवर

गोपनीय फाईल पाठवायची आहे आणि कंपनीने सुरक्षित फाईल-शेअरिंगची सोय दिली असेल तर तीच वापरा आणि पुढचं वाचू नका. नसेल, तर फाईल मेलनेच जाणार.

आधी फाईलमधला नको तो मजकूर उडवा. लपवलेल्या शीट आणि ओळी समोरच्याला एका क्लिकवर दिसतात. पीडीएफमध्ये नुसता काळा चौकोन ठेवला, तर खालचा मजकूर सहज कॉपी होतो.

मग पासवर्ड लावा. एक्सेलमधलं 'प्रोटेक्ट शीट' फक्त बदल अडवतं, वाचणं नाही. हवं ते 'एनक्रिप्ट विथ पासवर्ड', म्हणजे पासवर्डशिवाय फाईल उघडतच नाही. फाईली बऱ्याच असतील तर सेव्हन-झिप (फाईली एकत्र बांधणारा प्रोग्राम) घ्या आणि त्यात सेव्हन-झेड फॉरमॅट निवडा: एईएस-२५६ हे भक्कम कुलूप मिळतं आणि फाईलींची नावंही झाकता येतात. झिप फॉरमॅटमध्ये नावं उघडीच राहतात. मेलच्या विषयातही काही फोडू नका.

आता पासवर्ड पोचवणं. इथेच मी आपटलो होतो. 'पासवर्ड दुसऱ्या मेलने पाठवा' हा सल्ला मीही वर्षानुवर्षं पाळला. एकदा पगाराची यादी पाठवताना पत्त्याची पहिली तीन अक्षरं टाइप केली, बाकी प्रोग्रामने भरलं आणि मेल बाहेरच्या एका नामसाधर्म्यवाल्याकडे गेला. पाठोपाठ त्याच मेलवर 'रिप्लाय' करून मी पासवर्डही धाडला. कुलूप त्याच्याकडे, किल्लीही त्याच्याकडे! मेल परत बोलावणारं 'रिकॉल' दाबून पाहिलं, पण संस्थेबाहेर गेलेला मेल त्याने परत येत नाही. शिवाय कोणी समोरच्याचा मेलबॉक्सच फोडला असेल, तर दोन मेल म्हणजे दोन क्लिक, बस.

म्हणून फोन करा. नंबर आपल्याकडे आधीपासून असलेला घ्या, मेलच्या तळाशी असलेला नको. आधी विचारा, "मेल आला का? फाईलचं नाव काय दिसतंय?" उत्तर जुळलं तरच पासवर्ड सांगा. तो चार-पाच असंबद्ध शब्दांचा, सगळा स्मॉल अक्षरांत ठेवा, म्हणजे 'कॅपिटल की स्मॉल' हा घोळ होत नाही. जन्मतारीख किंवा कर्मचारी क्रमांक अजिबात नको. "मेलवरच टाका ना" म्हणणारे भेटतात. त्यांना सरळ नाही म्हणा.

मेल आलाच नाही म्हणाले, तर पासवर्ड गिळून टाका आणि आधी त्यांना स्पॅम बघायला सांगा, मग आपल्या 'सेंट'मधला पत्ता अक्षर-अक्षर तपासा. पत्ता चुकला असेल तर आयटीला लगेच कळवा आणि फाईल नव्या पासवर्डने पुन्हा पाठवा.