निम्मा संघ लंगडतोय? या चुका टाळा

फुटबॉल स्पर्धेच्या दुसऱ्या रविवारी संघातले चार पोट्टे पाय लांब करून झाडाखाली बसलेले दिसले की गावात दोनच निदानं होतात: एकतर नजर लागली, नाहीतर समोरचा संघ दांडगाईने खेळला. गोलपोस्टला लिंबू-मिरची बांधायला कुणाची हरकत नाही. पण मांडीमागचा स्नायू बहुतेक वेळा एकट्याने जोरात पळताना जातो, गुडघ्याचा लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) बऱ्याचदा कुणी न शिवता वळता-वळता तुटतो, आणि घोट्याच्या बाबतीत अर्धा दोष मैदानाचा असतो.

दुखापती अजिबात होऊ नयेत असं कुठेच घडत नाही. युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेचा अभ्यासगट 2001 पासून युरोपातल्या बड्या क्लबांचा हिशेब ठेवतो आहे. डॉक्टर, फिजिओ आणि हिरवंगार गवत दिमतीला असूनही तिथे 25 जणांच्या संघाला एका हंगामात सरासरी 50 च्या आसपास दुखापती होतात. आपल्या मुरमाच्या मैदानावर काही होतीलच. चीड येते ती आपण स्वतःच्या हाताने तयार केलेल्या दुखापतींची, आणि त्यांतल्या बहुतेक दोनच चुकांतून निघतात. बाकीच्या चुका थोडक्यात उरकता येतील.

चोळलेला घोटा

दर हंगामात कुठल्या ना कुठल्या गावात हे नाटक होतं, फक्त नावं बदलतात. शनिवारी पहिल्याच सामन्यात विंगवरच्या पोराचा पाय आतल्या बाजूला मुरगळतो. दोघं जण तिथेच पाय धरून ओढतात, कट्‌ आवाज आला की "बसलं हाड" म्हणून मोकळे होतात. रात्री कोमट तेलाने चोळून वर हळद-चुन्याचा लेप. कुणीतरी गावातल्या पायाळू माणसालाही बोलावून आणतं. त्याची लाथ खरं तर कंबरेच्या उसणीसाठी, पण उत्साहात घोट्यालाही चालवून घेतात. रविवारी सकाळी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी, वर करकचून बँडेज, आणि "काई नाई होत बे, उतर ना तू." पहिला हाफ संपायच्या आत तोच पाय पुन्हा मुरगळतो आणि या वेळी दुप्पट सुजतो. तिसरी वेळ येते ती मैदानाबाहेरच, धुऱ्यावरून उतरताना. मग "त्याचा पायच कच्चा आहे" असा शिक्का बसतो. पाय चांगला होता, उपचारांनी कच्चा केला.

आत काय होतं ते समजून घ्या. पाय आत वळला की घोट्याच्या बाहेरचे लिगामेंट ताणले जातात किंवा फाटतात आणि आत रक्तस्राव होतो. पहिले दोन-तीन दिवस शेक, चोळणं, दारू आणि पळणं या चारही गोष्टी तो रक्तस्राव वाढवतात. शिवाय याच लिगामेंटमधून पाय जमिनीवर कसा पडतोय याची खबर मेंदूला जाते. सूज आणि दुखणं आठवड्यात उतरतं, पण ही खबर मात्र बिघडलेलीच राहते. "दुखत नाही" म्हणजे "बरा झाला" हे गणित घोट्याला लागू पडत नाही ते यामुळे.

पहिलं काम म्हणजे हाड तपासणं. दुखऱ्या घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही हाडांवर, मागच्या कडेने, टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत बोटाने दाबून पाहा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध असलेलं हाडाचं टोक आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दाबा. यातल्या कुठल्याही हाडावर दाबल्यावर कळ आली, किंवा लंगडत का होईना चार पावलंही टाकता येत नसतील, तर तालुक्याला जाऊन एक्स-रे काढा. डॉक्टर हीच कसोटी लावतात, तिला ओटावा नियम म्हणतात. जागा वेडीवाकडी दिसत असेल तर दाबून बघायचीही गरज नाही. आणि पाय ओढणाऱ्याला मैदानातून हाकला. हाड मोडलेलं असेल तर ते ओढण्याने सरकतं.

हाड शाबूत असेल तर 10 सेंटीमीटर रुंदीचं क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून, घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात फिरवत पोटरीच्या मध्यापर्यंत न्या. टाच उघडी सोडू नका, सूज तिथे साठते. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून सैल बांधा. पाय छातीपेक्षा उंच ठेवा, खाटेवर दोन उशा पुरतात. बर्फ दुखणं कमी करण्यापुरता, 10 ते 15 मिनिटं. गावात बर्फ मिळत नाही ही तक्रार ऐकू येते, पण किराणा दुकानात पेप्सीच्या नळ्या मिळतात. चार-पाच घ्या आणि ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून लावा. थेट कातडीवर ठेवाल तर कातडी जळते.

चौथ्या दिवसापासून पाय हलवायला लागा. खाटेवर बसून अंगठ्याने हवेत सगळी बाराखडी गिरवा, दिवसातून तीनदा. न लंगडता चालता आलं की एका पायावर उभं राहायचं, 30 सेकंद, तीन वेळा. ते जमलं की डोळे मिटून. मग एका पायावर टाचा उचलणं, 20 पर्यंत. मग सरळ पळणं, मग आठच्या आकारात, मग चेंडूसह, आणि शेवटी दोन पूर्ण सराव. हे सगळं झाल्यावर सामना. दुखऱ्या पायावर एका उडीत जेवढं अंतर कापता येतं ते चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के भरलं पाहिजे. मोजायला टेप नसेल तर काडीने रेघ मारा. एका पायावरचा तोल मात्र पुढेही हंगामभर चालू ठेवा, दात घासताना केला तरी चालतो. साधा मुरगळा दोन-तीन आठवडे घेतो, मोठा सहाहून जास्त. ज्याला एवढा धीर नाही त्याने खेळू नये, कारण तो संघाला एका सामन्यासाठी मिळतो आणि पुढच्या सहा सामन्यांना मुकतो.

जूनपर्यंत झोप, जुलैत चार सामने

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. सुब्रतो चषकाच्या, म्हणजे शालेय फुटबॉल स्पर्धेच्या, खालच्या फेऱ्या त्यानंतर लगेच येतात. म्हणजे दीड-दोन महिने विहिरीत पोहणं सोडून काही न केलेली पोरं दोन-तीन आठवड्यांत सामन्याला उभी राहतात. मोठ्यांचं आणखी वाईट. सोयाबीनची सवंगणी, थ्रेशरवर रात्रभर पोती उचलणं, त्यातून सुटले की दिवाळीनंतरच्या स्पर्धा, तीही बाद पद्धतीने, एका दिवसात दोन सामने. पोती उचलल्याची थकवट शरीर वेगळ्या खात्यात लिहीत नाही. प्रशिक्षक म्हणतो "पोरं तर आराम करून आलीत."

स्नायू हळूहळू वाढवलेलं ओझं सोसतो, अचानक टाकलेलं सोसत नाही. युरोपातल्या एका अव्वल संघावरचा 2010 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की आठवड्यात दोन सामने झाले की दुखापतीचं प्रमाण एका सामन्याच्या तुलनेत सहापट होतं. आणि ते पगारी खेळाडू होते, सकाळी फवारणी करून आलेले नव्हते.

स्पर्धेच्या सहा आठवडे आधी सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात दोन दिवस, 40-40 मिनिटं, पूर्ण वेगाचं पळणं बिलकूल नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पूर्ण वेगाच्या 30 मीटरच्या चार धावा, पुढे आठ. स्प्रिंटची सवय सरावात लागली नाही तर स्नायू ती पहिल्यांदा सामन्यात पाहतो आणि तिथेच फाटतो. संघ अकराचा नव्हे, निदान सोळाचा बांधा. बाकावरच्या पाचांना प्रत्येक सामन्यात खरोखर उतरवा, नाहीतर ते फक्त पाण्याच्या बाटल्या सांभाळायला आलेले असतात. सहा आठवडे हातात नसतील तर प्रवेश फी वाचवा, स्पर्धा पुढच्या वर्षीही येते.

मांडीमागच्या स्नायूसाठी एक व्यायाम डोळे झाकून करावा असा आहे, त्याला नॉर्डिक म्हणतात. पोत्यावर गुडघे टेकून ताठ राहा, जोडीदार मागून दोन्ही घोटे दाबून धरतो, कंबर न वाकवता शरीर जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकवा, शेवटी हातांवर पडा. पहिल्या आठवड्यात 3 ते 5 वेळा पुरे, दोन महिन्यांत 12 पर्यंत न्या. अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला तेव्हा हा व्यायाम करणाऱ्या संघांत या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. पहिले काही दिवस मांड्या जबर दुखतात, म्हणून सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत करू नका. पोट्टे इथेच सोडून देतात: "यानं तर अजूनच दुखते ना भाऊ." त्यांना दुसऱ्या आठवड्यापर्यंत धरून ठेवणं हेच प्रशिक्षकाचं काम.

वॉर्मअप, नारळ आणि पाहुणे

मैदानाला पाच फेऱ्या, मग गालात तंबाखूचा खर्रा ठेवून उभ्याउभ्या पाय ताणणं, मग उद्‌घाटनाचे पाहुणे यायचे म्हणून पाऊण तास खुर्च्यांसमोर रांगेत उभं राहणं. नारळ फुटतो, भाषणं होतात, शिट्टी वाजते आणि पहिल्याच मिनिटाला स्ट्रायकर मांडी धरून खाली बसतो. गरम झालेला स्नायू पंधरा-वीस मिनिटं स्वस्थ राहिला की बराचसा थंडावतो.

फिफाचा "11+" हा तयार कार्यक्रम वापरा: 15 व्यायाम, 20 मिनिटं. आठ मिनिटं हलकं पळणं, दहा मिनिटं ताकद-तोल-उड्या, आणि शेवटची दोन मिनिटं वेगात पळणं-वळणं. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या मुलींच्या संघांवर तो तपासला गेला, 2008 साली निकाल छापून आला: दुखापतींचा धोका एक तृतीयांशाने कमी. पण आठवड्यातून निदान दोनदा, हंगामभर केला तर. फक्त अंतिम सामन्याआधी करून उपयोग नाही. भाषणं लांबलीच तर शिट्टीआधी शेवटची दोन मिनिटं पुन्हा करा, पाहुणे रागावत नाहीत. बदली खेळाडूंनाही उतरण्याआधी पाच मिनिटं पळवा. खर्रा थुंकून या. धडक बसली की तो श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

कडक मुरमावर लांब ब्लेडचे स्टड घालू नका. ते जमिनीत रुतत नाहीत आणि सगळा भार टाचेवर व घोट्यावर येतो. अशा मैदानाला छोट्या, भरपूर रबरी बुंध्यांचे बूट. लांब स्टड पावसाळ्यातल्या गाऱ्यासाठी राखून ठेवा.

काळ्या मातीचं मैदान असेल तर सामन्याआधी दोघांनी ते आडवं-उभं चालून बघावं. भेगा माती-रेती भरून पाणी मारून दाबा. कापणी झालेल्या वावरात खेळत असाल तर सोयाबीनचे आणि पऱ्हाटीचे खुंट मुळासकट उपटा, नुसते कापले तर टोकं अजून धारदार होतात.

शिनगार्ड नियमाने सक्तीचे आहेत. मोज्यात पुठ्ठा घालणं म्हणजे पंचाला फसवणं, नडगीला नव्हे.

सुटे लोखंडी गोलपोस्ट जमिनीला पक्के करा आणि आडव्या दांडीला लटकणाऱ्या पोरांना लगेच उतरवा. पोस्ट अंगावर पडून जीव जातो.

मे महिन्यात सामना सकाळी आठच्या आत संपवा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. ग्लासात अख्खं पाकीट ढवळणारे महाभाग असतात, त्याने उलट त्रास होतो. खेळाडू असंबद्ध बोलायला किंवा झोकांड्या खायला लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर थंड पाणी ओतत राहा, वारा घाला, गाडी तोवर बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

गुडघ्यात टक्‌ आवाज आला आणि काही तासांत गुडघा टम्म फुगला तर गुडघ्यातला पुढच्या बाजूचा लिगामेंट (एसीएल) गेला असं धरून चाला आणि हाडांच्या डॉक्टरकडे जा. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात येऊ नका, सहाव्या महिन्यात कितीही बरं वाटलं तरी.

तेरा-चौदा वर्षांच्या पोराला एकाच वेळी तीन-तीन वयोगटांत खेळवू नका. गुडघ्याखाली टेंगूळ येऊन दुखत असेल किंवा टाच दुखत असेल तर ती वाढीच्या वयातली हाडाची तक्रार आहे. खेळ कमी केला की बसते, जोर दिला की वाढते.

डोक्याला मार लागून गरगरलं, आठवेना झालं, उलटी झाली, तर तो खेळाडू त्या दिवशी परत उतरणार नाही. इथे चर्चा नको.

आणि एक वही करा. तारीख, नाव, कुठला पाय, चेंडू होता की नव्हता, समोरचा शिवला की नाही, सामन्याचं कितवं मिनिट, आदल्या आठवड्यात किती सामने आणि शेतात काय काम. शेवटच्या रकान्यात परत खेळायची परवानगी कधी आणि उडीची कसोटी पास की नापास. दोन महिन्यांत दिसतं की तीच चार नावं फिरून येताहेत आणि बहुतेक नोंदी शेवटच्या दहा मिनिटांतल्या आहेत. वही कॅप्टनकडे ठेवू नका. रविवारी अकरा भरायचे असले की त्याला खाडाखोड सुचते.